फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा होज चिरलाय, घरीच बदलू का? (सातारा)

घाटवाट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसीचं इंजिन, १ लाख ४६ हजार किमी झालेत. अण्णांनी घेतलेली गाडी आहे, गुडघ्यांमुळं आता ते चालवत नाहीत पण रोज सकाळी खाली येऊन काचेवर फडका मारल्याशिवाय त्यांना चहा जात नाही, त्यामुळं विकायचा विषयच नाही.

मागच्या रविवारी आईला घेऊन पुण्याहून परत येत होतो. खंबाटकी चढायला लागलो आणि गाडी ओढेचना. तिसरा टाकला, दुसरा टाकला, पाय पूर्ण दाबला तरी ४० च्या वर जाईना, मागं काळा धूर आणि बॉनेटमधनं सुंऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो ना तसा. इंजिनचा दिवा पण लागला. कसाबसा घाट संपवला, उतारावर आणि सपाटीवर गाडी एकदम व्यवस्थित.

सोमवारी इथल्या एका गॅरेजला दाखवली, त्यांनी एक चक्कर मारून सांगितलं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, ३५ ते ४० हजार धरून चाला. मला पटेना. घरी येऊन गाडी गार झाल्यावर वरचं प्लास्टिक कव्हर काढलं आणि मोबाईलच्या उजेडात एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारा जो रबरी होज आहे तो हाताने वाकवून बघितला. वरून ठणठणीत, पण खालच्या अंगाला घड्यांच्या मधे बोटभर चीर आहे, वाकवल्यावरच तोंड उघडते. आतून थोडं तेल पण लागलंय बोटाला.

प्रश्न असे की एवढ्याने गाडी इतकी मरगळते का? हा होज घरी बदलता येईल का, माझ्याकडे पान्ह्यांचा सेट आहे, ऑइल फिल्टर बदलणं वगैरे मी करतो. आणि ते तेल म्हणजे टर्बो खरंच गेलाय का?

कुपवाडकर

भावा, आधी टर्बोचे पैसे बाजूला ठेव, कुणाला देऊ नकोस. तू होज वाकवून बघितलास हे लई बरं केलंस, कारण ही चीर नुसतं बघून कधीच दिसत नाही.

आता नीट समजून घे. टर्बोच्या दोन बाजू असतात. फिल्टरपासून टर्बोपर्यंत ती ओढायची बाजू, तिथं हवा खेचली जाते. टर्बोपासून पुढं इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथनं इंजिनपर्यंत ती दाबाची बाजू, तिथं हवा दाबून ढकललेली असते. तुझी चीर ओढायच्या बाजूला आहे. फिल्टरच्या डब्याला लागून एक सेन्सर असतो, आत किती हवा गेली ते तो मोजतो. चिरीतनं जी हवा जाते ती त्या सेन्सरच्या नंतर आत शिरते म्हणजे मोजलीच जात नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आहे, मग तो डिझेल आखडतो. गाडी मरगळते. आवाज पण जुळतोय.

पण काळा धूर जुळत नाही. डिझेल आखडलं तर धूर कमी व्हायला पाहिजे. काळा धूर म्हणजे हवा मोजली गेली, त्या हिशोबानं डिझेल पडलं, आणि हवा मधेच कुठंतरी बाहेर गेली. हे दाबाच्या बाजूला गळती असली की होतं. म्हणून माझं म्हणणं, एक चीर सापडली म्हणून थांबू नकोस, इंटरकूलरकडे जाणारे आणि तिथनं येणारे दोन्ही होज बघ. खाली बंपरच्या मागं हात घालून चाचप, बाहेरून ओलसर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तिथंच काहीतरी आहे.

तेलाचं घाबरू नकोस. इंजिनच्या पोटातली वाफ याच होजमधे सोडलेली असते, बाजूनं एक बारीक नळी येऊन मिळते बघ, त्यामुळं आत तेलाचा पुसट थर सगळ्याच गाड्यांत असतो. होज काढल्यावर वाटीभर तेल सांडलं तर गोष्ट वेगळी.

आणि एक, होज बदलेपर्यंत गाडी चालवू नकोस. ओढायच्या बाजूला चीर म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. हायवेला सहापदरीचं काम चाललंय, वर उसाच्या ट्रॉल्या, ती सगळी धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर. एवढ्या लहान टर्बोचं पातं मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतं, त्याला बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपर. आज होजवर भागतंय ते उद्या खरंच टर्बोवर जाईल.

माणगंगा

माझ्या गाडीला पण सेम झालेलं. मी सायकलची ट्यूब कापून दोन वेढे दिले, वरून दोन क्लिपा आवळल्या आणि चार महिने चालवली, काही झालं नाही. नवीन होजला उगाच पैसे कशाला.

कुपवाडकर

दादा, घरापर्यंत यायला ठीक आहे, मी पण केलंय, नाही म्हणत नाही. पण ती ट्यूब तेलानं फुगते आणि मऊ पडते. फुगून तिचा तुकडा सुटला तर तो जाणार कुठं, ओढ टर्बोकडेच आहे. एम-सील, चिकटपट्टी हे पण तसंच, होज तापतो, हलतो, इंजिन हादरतं, कडक झालेला एम-सील त्याच्याबरोबर वाकत नाही आणि टवका उडतो. दुसऱ्याला सांगायचा उपाय नाही हा.

मिरज_मेकॅनिकल

कुपवाडकरांच्या धुराच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. मी कॉलेजपासून बाबांच्या गाडीवर हेच करत आलेय म्हणून दोन-चार गोष्टी सांगते.

होज घेताना चेसिस नंबर देऊनच घ्या, त्याच इंजिनला गाडीगणिक वेगळ्या वळणाचे होज असतात आणि दिसायला सारखे दिसतात. दुकानदार रेडिएटरचा होज कापून देतो म्हणाला तर घेऊ नका. रेडिएटरचं रबर पाण्यासाठी असतं, तेलाच्या वाफेनं ते फुगतं, आणि ओढायच्या बाजूला मऊ होज आत चेपतो, मग हवाच बंद. रंगीत सिलिकॉनचे होज मिळतात ते दिसायला छान पण साधं सिलिकॉन तेल पाझरू देतं, आतून तेल सोसणारं अस्तर असलेलंच चालतं. मूळ पार्ट घ्या, वाद नको.

काढताना बॅटरीची मायनस तार सोडा, गाडी पूर्ण गार हवी कारण टर्बोच्या दुसऱ्या अंगाला एक्झॉस्ट आहे आणि ते फार वेळ तापलेलं राहतं. जुना होज काढायच्या आधी डब्यावर, होजवर आणि टर्बोच्या तोंडावर व्हाइटनरने सरळ रेघ मारा आणि फोटो काढा, नवीन बसवताना पीळ पडला की वर्षभरात परत तिथेच चिरतो. होज चिकटून बसलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तोंडाला ओरखडा पडला की तिथून कायम गळणार, हाताने पिळून सोडवा.

सगळ्यात महत्त्वाचं, होज निघाल्या निघाल्या टर्बोच्या तोंडावर स्वच्छ फडका लावा. बोळा आत कोंबू नका, वरून झाका आणि दोऱ्याने बांधा. एक वॉशर आत पडला तरी खेळ संपला. आणि तोंड उघडं असताना गाडी चालू करून बघायचा मोह कोणीही करू नका.

तोंड उघडं आहे तोवर बोटाने शाफ्ट (पात्यांचा मधला दांडा) हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं, तो तेलाच्या थरावर तरंगतच असतो. पुढे-मागे हलता कामा नये. पात्यांच्या कडा बोटाला गुळगुळीत आणि सारख्या लागल्या पाहिजेत, आणि पातं बाजूच्या भिंतीला घासल्याची खूण नको.

आणि दाबाच्या बाजूची गळती शोधायला घरगुती पद्धत सांगते. प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसीची टोपी मिळते, होजच्या तोंडाएवढी घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. ती टोपी टर्बोकडच्या तोंडाला क्लिपने आवळा, तेलाच्या वाफेची नळी पण बंद करा नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाईल. पायाच्या पंपाने हळूहळू ७-८ पीएसआयपर्यंतच हवा भरा, जास्त नको, आणि प्रत्येक जोडावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. गळती असेल तिथे फेस येतो, चुकत नाही.

घाटवाट

मिरजताई आणि कुपवाडकर दादा, झालं काम! सविस्तर लिहितो, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

मूळ होज पोवई नाक्याकडच्या दुकानातनं मागवला, दोन दिवसात आला. शनिवारी सकाळी पार्किंगमधे बसलो, अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले, पान्हे तेच देत होते. आधी टर्बो बघितला, बाजूला केसभर हलतो, पुढे-मागे अजिबात नाही, पाती व्यवस्थित. एवढं बघूनच जीवात जीव आला.

मग टोपी लावून हवा भरली. ६ पीएसआयलाच खाली इंटरकूलरकडनं फुसफुस ऐकू आली. साबणाचं पाणी लावलं तर टर्बोकडनं येणाऱ्या होजची जिथं इंटरकूलरला क्लिप आहे तिथं पांढराशुभ्र फेस. क्लिप ढिली झालेली, होज अर्धा सेंटीमीटर मागं सरकलेला आणि सगळं तोंड तेलानं बुळबुळीत. होज धड होता, चीर नाही. म्हणजे दादा म्हणाले तसंच, दोन दुखणी एकदम होती, शिट्टी वरच्या चिरीची आणि धूर खालच्या क्लिपचा.

खालचा जोड काढून दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसली, नवीन क्लिप लावली. वरचा नवीन होज कोरडाच बसवला. जुना होज हातात घेऊन बघितला तेव्हा कळलं चीर तिथंच का पडली, बॅटरीच्या ट्रेचा एक पत्रा त्याला खालनं घासत होता, पत्र्यावरचं रबर कधीच गळून गेलंय. नवीन होजची पण तीच गत झाली असती. पत्र्याची धार कानशीने मारली आणि जुन्या होजचाच तुकडा कापून त्याच्यावर चढवला, तो अण्णांनी स्वतः कापून बसवला.

ओबीडीचा ब्लूटूथवाला डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाईलवर दाखवतो तो) मित्राकडनं आणला. जुना कोड पी०२९९ निघाला, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी असल्याचा, तो पुसला. गाडी बंद ठेवून नुसती चावी दिली तर प्रेशर ९२ दाखवत होतं, मला वाटलं सेन्सर खराब आहे, १०० पाहिजे ना?

मिरज_मेकॅनिकल

सेन्सर बरोबर आहे. १०१ हा समुद्रकिनाऱ्याचा आकडा. सातारा ७०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कलच असतो. इंजिन बंद असताना सेन्सर बाहेरचीच हवा मोजतो. बूस्ट काढताना आलेल्या आकड्यातून १०१ नाही, ९२ वजा करा. चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून बघा किती येतं.

घाटवाट

काल संध्याकाळी अण्णांना पुढं बसवून यवतेश्वरचा घाट चढलो. तिसऱ्यात, २००० आरपीएमच्या पुढं पाय दाबला की आकडा २०० च्या वर जात होता, धूर नाही, शिट्टी नाही. वरच्या वळणावर अण्णा म्हणाले आता आवाज बरोबर येतोय. मंदिरापर्यंत जाऊन आलो.

कुपवाडकर

२०० मधनं ९२ गेले, म्हणजे एक बारच्या (१०० किलोपास्कलच्या) वर बूस्ट, छान आहे. शंभर-दीडशे किमी झाले की गार इंजिनवर दोन्ही क्लिपा परत एकदा तपास, नवीन रबर बसतं आणि क्लिप अर्धा फेरा घेते. रबरात रुतेपर्यंत आवळू नकोस पण. एअर फिल्टर पण नवीन टाक, आणि डब्यात धूळ बसली असेल ती ओल्या फडक्यानं पुसून घे, हवा मारू नकोस. अण्णांना नमस्कार सांग.