मदत हवी आहे: शेजारच्या आजींची फार काळजी वाटते

नमस्कार. आमच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी मुलगा-सुनेकडे राहतात. पूर्वी रोज संध्याकाळी खाली बाकावर येऊन बसायच्या, आता दिसतच नाहीत. परवा दार उघडं होतं म्हणून डोकावले. दोन्ही दंडांवर काळेनिळे वळ, कुणी बोटांनी आवळून धरल्यासारखे. केसांच्या जटा झालेल्या, चष्म्याची एक काच फुटलेली. "काय झालं आजी?" विचारलं तर उत्तर सुनेनंच दिलं, "बाथरूममध्ये पडल्या." आजी तिच्याकडे बघत गप्प.

वयानं कातडी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही डाग पडतात. उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही. पण पडल्यावर दोन्ही दंडांना सारखेच वळ कसे? पेन्शनचं पासबुकही काढून घेतलंय, असं त्या मागे म्हणाल्या होत्या.

१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली दाद मागता येते, एवढं ठाऊक आहे. पण तक्रारीनंतर घरच्यांनी राग त्यांच्यावरच काढला तर? आजींशी एकटीनं बोलणं कसं जमवावं? नर्सिंग, समाजकार्य किंवा पोलीस खात्यातलं कुणी असेल तर कृपया लवकर सांगा.