नोकरीबदल आणि भारतभेट एकाच वर्षी
अमेरिकेत राहून एकाच वर्षात आपण नोकरी बदललीत, दोनदा भारतात जाऊन आलात आणि आई-वडिलांनाही बोलावलेत, हे वाचून माझे गेले वर्ष आठवले. एच-१बी व्हिसावरील, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरील, नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहून नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवधी मिळतो. माझे त्यांतील ३८ दिवस मुलाखतींतच गेले आणि आईच्या शस्त्रक्रियेसाठी ठरवलेला प्रवास पुढे ढकलावा लागला, कारण त्या काळात देशाबाहेर पडल्यास उरलेला अवधी संपुष्टात येतो. आई-वडिलांबाबत एवढेच सुचवेन, की भेटीचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक खेपेचा मुक्काम, बहुधा सहा महिन्यांचा, विमानतळावरील अधिकारी ठरवतो. त्यामुळे परतीचे तिकीट आय-९४ वरील, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीवरील, मुक्कामाच्या शेवटच्या तारखेच्या आतलेच असावे. आमचे बाबा तिसऱ्याच आठवड्यात कंटाळले, हा भाग वेगळा.