काम्यूचं ‘प्लेग’ म्हणे निराशेचं पुस्तक!

शिळोप्या:
परवा इथे एका आयडीने फ्रेंच लेखक काम्यूच्या ‘प्लेग’ या कादंबरीवर चार परिच्छेद टाकले. थोडक्यात असं: अंधारं पुस्तक, वेशी बंद केलेल्या ओरान शहरात माणसं पटापट मरतात, शेवटी डॉक्टरची बायकोही जाते, वाचून दोन रात्री झोप नाही, कोविड पाहिलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. खाली ‘+१’ची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला तर तोच लेखाएवढा झाला, म्हणून वेगळा धागा.

मला तर हे पुस्तक वाचताना कितीदा तरी हसू आलं. पालिकेतला कारकून ग्राँ घ्या. दिवसा मेलेल्यांचे आकडे मांडायचे, रात्री कादंबरी. वर्षानुवर्षं पहिलंच वाक्य चाललंय. मे महिन्यातली सकाळ, घोडीवर बसलेली बाई, फुललेले रस्ते. विशेषण काढतो, घालतो, घोडीचा रंग बदलतो. स्वतः प्लेगमधून उठल्यावर अभिमानाने सांगतो की सगळी विशेषणं उडवली! हा माणूस मी आमच्या हापिसात पाहिलाय. २५ एप्रिलला एका दिवसात ६२३१ उंदीर जाळले जातात, तरी मीटिंगमध्ये ‘प्लेग’ हा शब्द कोणी तोंडातून काढायला तयार नाही. हे अंधारं आहे की आपल्या ओळखीचं?

आणि डॉक्टर रिऊ. वीरश्रीचं एक वाक्य नाही. थकतो, झोपतो, उठतो, पुन्हा गाठी फोडायला जातो. निराश माणूस असं करतो होय?

सांजवात:
तो आयडी मीच. नाव घ्यायला लाजलात वाटतं.
न्यायाधीशाच्या पोराचं मरण वाचलंत ना? नवं सीरम टोचतात आणि त्या सीरमने फक्त तडफड लांबते. ते वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर तुम्हाला दंडवत. मी ते पान वाचलं तेव्हा शेजारच्या खोलीत माझा मुलगा तापाने फणफणला होता. पुस्तक थोर आहे हे मी नाकारलंच नव्हतं. झोप लागली नाही एवढंच म्हटलं. माझी झोप, माझं मत.

वाड्यावरचा:
मूळ मुद्दा राहू द्या. ओरान तेव्हाच्या फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात. राम्बेर हा पॅरिसचा पत्रकार येतो तोच मुळी अरबांच्या राहणीमानावर लिहायला. त्यानंतर पुस्तकभर अरब गायब! मरतात ते फ्रेंच, विचार करतात ते फ्रेंच. यावर काम्यूची चंपी कधीच झालीय. आपल्याकडे मात्र नोबेल म्हटलं की माना डोलायला सुरुवात.

शिळोप्या:
हे मान्य. नाइलाजाने.

वाड्यावरचा:
नाइलाजाने का होईना! आपल्याकडेही तेच. १८९७चा पुण्याचा प्लेग म्हटलं की रँड, गणेशखिंड, २२ जून. त्याच वर्षी १० मार्चला, मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घालून आणणाऱ्या सावित्रीबाई त्याच प्लेगने गेल्या, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

चिंच_गूळ:
आमच्या सोसायटीवर कादंबरी लिहा. २०२०मध्ये आमच्या दारावर लाल कागद चिकटवला, दूधवाल्याला फाटकावरून परत पाठवलं. ज्यांनी चिकटवला त्यांच्याच घरी पुढच्या महिन्यात दोघं पॉझिटिव्ह, तेव्हा कागद कुठे गेला कुणास ठाऊक. आमच्याकडे कादंबरीतल्यासारखा कोतारही होता: साथ चालू तोवर खूश, दुप्पट भावाने ऑक्सिमीटर विकणारा. आता गणपतीची वर्गणी तोच गोळा करतो.

मुठेकाठी:
मला त्या राम्बेरचा राग येतो. शहर मरतंय आणि याला पॅरिसच्या मैत्रिणीकडे पळायचंय, पहारेकऱ्यांना पैसे चारून. शेवटी थांबतो म्हणून माफ. १९९४ला सुरतेतून लाखो माणसं पळाली, त्यांचं काय? ते थांबले नाहीत. रोग पसरवायला निघालेले पळपुटे सगळे.

तापीकाठ:
तोंड सांभाळून. माझे वडील त्या पळपुट्यांतले.

लूमवर बारा तासांची पाळी. एका खोलीत नऊ जण, पाळीपाळीने झोपायचं. सप्टेंबरचा शेवट. शेजारच्या खोलीतला एक जण रात्री खोकत होता, सकाळी नव्हता. खोली सोडून गेला की मेला, कळलं नाही. शेठ आधीच मुंबईला. शहरात प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लिन मिळेना. उधन्याहून गाडीच्या दारात लटकून नंदुरबार. तुम्ही पुण्यात बसून ‘थांबायला हवं होतं’ म्हणता. कशासाठी? लूम बंद, मेस बंद. राम्बेरला निदान हॉटेल होतं.

आणि गाव सोडणं ही आपल्याकडे भ्याडपणाची खूण कधी होती? उंदीर पडायला लागले की पोरंबाळं, गुरं, भांडी घेऊन रानात झोपड्या घालायच्या, हीच तर रीत. घराला कुलूप आणि मुक्काम माळावर. ओरानवाल्यांनी वेशी लावून घेतल्या आणि आत कोंडलेल्यांना वर थोरपणा चिकटवला.

मुठेकाठी:
भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व, पण लाखो पळाले आणि रोग देशभर गेला असता तर?

तापीकाठ:
‘असता तर’! गेला नाही ना? शंभराच्या आत माणसं मेली. पण आमच्या गावच्या माणसाला पुढचे सहा महिने ‘सुरतवाला’ म्हणून पंगतीत वेगळं बसवलं.

नाडीपरीक्षा:
डॉक्टर आहे, म्हणून मध्ये पडतो. दोघंही वेगवेगळ्या रोगांबद्दल भांडताय. गाठीचा प्लेग पिसवांतून येतो. उंदीर मेला की पिसवा माणसावर उतरतात, त्यामुळे घर सोडून रानात जाणं शंभर टक्के शहाणपणाचं. पिसवांचं हे काम सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत दाखवलं, लोकांनी त्याआधीच अनुभवाने ओळखलं होतं. पण सुरतेत फुप्फुसांचा प्लेग होता. तो खोकल्यातून जातो. तिथे गच्च भरलेल्या डब्यात बसणं धोक्याचं. कादंबरीतही पुढे तो फुप्फुसांचा होतो. तेव्हा वेशी बंद करणं नुसतं क्रौर्य नव्हतं.

आणि मुठेकाठी, राम्बेरला माफी कोणी दिलीच नाही, कारण दोष कोणी लावलाच नव्हता. डॉक्टर त्याला एकदाही अडवत नाही. सुख निवडण्यात लाज कसली, असंच म्हणतो. एकट्याने सुखी होण्याची लाज वाटते ती राम्बेरला स्वतःला. पुस्तक परत वाचा. की पहिल्यांदाच?

मुठेकाठी:
वाचलंय. २००३ साली. इंग्रजीतून. विसरलो असेन. तुम्ही डॉक्टर लोक सगळंच लक्षात ठेवता, फक्त ओपीडीची वेळ सोडून.

सांजवात:
@तापीकाठ, गावात आल्यावर वडिलांना घरात घेतलं का? आगाऊ वाटेल, पण विचारते.

तापीकाठ:
नाही. आजी ओट्यावर उभी राहिली. “तठेच थांब, घरमा येऊ नको.” आठ दिवस गोठ्यात, बैलाशेजारी. आई भाकरी केळीच्या पानावर ठेवून काठीने सरकवायची, पान मग चुलीत. अंगावरचे कपडे आजीने उकळत्या पाण्याच्या हंड्यात टाकले, वडिलांची एकुलती एक टेरीकॉटची पँट आखडून गुडघ्यापर्यंत आली. आजीला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, मी सात वर्षांची असताना उंदीर पडले होते. आणि ती साथ पाहून परत आलेल्या मामाला थेट चुलीपाशी बसवलं होतं, म्हणून घरातली चार माणसं गेली.

नाडीपरीक्षा:
आठ दिवस! बरोबर ठरवलं आजींनी. प्लेगची लक्षणं साधारण आठवड्याच्या आत दिसतात.

मुठेकाठी:
ठीक. ‘पळपुटे’ मागे घेतो. ‘सगळे’ तर नक्कीच मागे घेतो. आजींचं पटलं. राम्बेर अजून आवडत नाही.

तापीकाठ:
तुमच्या कृपेने वडिलांना आता शांत झोप लागेल. पंधरा दिवसांनी सुरतेला परतले तेव्हा खोलीमालकाने महिन्याचं भाडं कापून सामान बाहेर काढलेलं होतं, त्याबद्दलही काही मागे घ्यायचं असेल तर बघा.

वाड्यावरचा:
अरबांचं कोणी बोललंच नाही पुढे.

शिळोप्या:
धागा माझा, पण मीही बाहेरच पडलोय यातून. @सांजवात, मुलगा बरा आहे ना?

सांजवात:
बरा आहे. व्हायरल होतं. पुस्तक मात्र अजून कपाटाच्या वरच्या फळीवर, पाठ भिंतीकडे करून. आणि ते रिऊ नाही हो, रिय. शेवटचा एक्स उच्चारत नाहीत, पण त्याआधीचा स्वर तरी नीट उच्चारा.