'एक्झिक्युटिव्ह कोच'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न
माझी मावसबहीण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत वीस वर्षं एचआरमध्ये होती. आता ती एक्झिक्युटिव्ह कोच आहे. दोन कंपन्या एक होतात, मालकाकडून कारभार मुलाकडे जातो, अर्धा विभाग बंद करून दुसरा काढतात, अशा वेळी ती वरच्या साहेबलोकांबरोबर काम करते. मावशी मात्र सगळ्यांना सांगते, "ती साहेबांच्या शिकवण्या घेते." बहिणीला हे मुळीच खपत नाही. तिला एका स्मरणिकेसाठी आपल्या करिअरवर लेख द्यायचाय आणि शीर्षकाचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलं, 'कार्यकारी प्रशिक्षक, संघटनात्मक बदल'. वाचून ती म्हणाली, "हे कुठल्या पक्षातलं पद?"

उपसंपादक (निवृत्त)
बहिणीचं बरोबर आहे. आमच्या टेबलावर 'संघटनात्मक बदल' ही बातमी आली की समजायचं, जिल्हाध्यक्ष गेले. मराठीत संघटना म्हटलं की कामगार संघटना, शेतकरी संघटना. कंपनीला कोणी संघटना म्हणत नाही. कारखान्याच्या गेटवर "संघटनेचा माणूस आलाय" असं सांगून बघा, मॅनेजर मागच्या दाराने जाईल.

'आस्थापना' कायद्यातला शब्द आहे, दुकाने व आस्थापना अधिनियमातला. पण सरकारी कचेरीत आस्थापना शाखा म्हणजे रजा, बढत्या आणि सेवापुस्तकं. सरळ 'कंपनी' म्हणा. शंभराहून जास्त वर्षं आपण म्हणतोच आहोत.

'कार्यकारी'चं दुखणं वेगळं. कार्यकारी अभियंता ठीक आहे, तो हुद्दा लोकांच्या अंगवळणी पडलाय. पण 'कार्यकारी अध्यक्ष' ऐकलं की वाटतं, खरा अध्यक्ष दुसराच कोणीतरी असणार. कार्यकारी प्रशिक्षक म्हणजे मूळ प्रशिक्षक सुटीवर गेलाय. शिवाय इंग्रजीत 'एक्झिक्युटिव्ह' तो कोच नसतो, ज्याच्याबरोबर काम करायचं तो असतो. भाषांतरात विशेषण भलत्याच माणसाला चिकटलं.

शब्दवेडा
'कोच'चं मूळ मजेशीर आहे. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथे पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत, त्या गाडीला गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर गेलं. 1830च्या सुमारास ऑक्सफर्डची मुलं परीक्षा पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला गमतीने 'कोच' म्हणू लागली, म्हणजे पोचवणारी गाडी. खेळातला कोच त्यानंतरचा. तेव्हा डेक्कन क्वीनचा कोच आणि क्रिकेटचा कोच हे एकाच गावचे! आणि मावशीची 'शिकवणी' व्युत्पत्तीच्या अंगाने अगदीच चूक नाही, हे बहिणीला सांगू नका.

गाडीच म्हणायची तर 'सारथी' का नको?

कोल्हापूरकर
सारथी म्हटलं की लायसन्सची वेबसाइट आठवते, नाहीतर पुण्यातली संस्था. आमच्याकडे शब्द आहे की, वस्ताद. तालमीत वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. कुस्ती पोराने करायची, हा बघतो आणि कुठे चुकलं ते सांगतो.

मूळ प्रश्नकर्ता
वस्ताद बहिणीला आवडला, पण अडचण तिनेच काढली. वस्ताद स्वतः त्याच मातीत लढलेला असतो आणि डाव तोच सांगतो. तिच्या धंद्यात डाव सांगायचा नाही, हाच नियम. सांगतो तो सल्लागार. कोच विचारतो.

नाव-गाव न सांगता तिने एक प्रसंग सांगितला. एक प्लांट हेड पहिल्याच बैठकीत म्हणाले, "माझी माणसं बदलायला तयार नाहीत." हिने विचारलं, "या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः काय करायचं सोडलंत?" साहेब बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत बसले. पाच हजारांवरच्या प्रत्येक खरेदीवर अजून त्यांचीच सही लागत होती. ती पुढे काही बोलली नाही. तिच्या मते त्या गप्प बसण्याचेच पैसे मिळतात, आणि ते शिकायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण एचआरमधली वीस वर्षं उत्तरं देण्यातच गेली होती. 1995 साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन कोचला सगळ्यात खालच्या पायरीचं प्रमाणपत्र देते तेसुद्धा प्रत्यक्ष कोचिंगचे 100 तास भरल्यावर. त्याच्या वरचं 500 तासांना, शेवटचं 2500 तासांना.

शब्दवेडा
डाव सांगत नाही म्हणता, पण सारथ्याची बाजू राहिली. अठरा अध्याय बोलून झाल्यावर कृष्ण शेवटी काय म्हणतो? 'यथेच्छसि तथा कुरु'. नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर.

उपसंपादक (निवृत्त)
सातशे श्लोक ऐकवून मग! आणि लगेच पुढे 'मामेकं शरणं व्रज', मला एकट्यालाच शरण ये. असा कोच फेडरेशनच्या परीक्षेत नापास व्हायचा.

आणि वस्ताद त्याच मातीतला असावा लागतो हे खरं, पण कोचचं तसं नाही. बिल कॅम्बेल 1970च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा कोच होता, पुढे अॅपलमध्ये गेला, आणि नंतर स्टीव्ह जॉब्ज, गूगलचा एरिक श्मिट अशांच्या मागे उभा राहिला. लोक त्याला अखेरपर्यंत 'कोच'च म्हणत. मैदानावरचा शब्द कचेरीतही असा चालतो. तेव्हा कोच तसाच ठेवा.

एक अनुवादिका
कोच ठेवा, पण 'कोचिंग' जपून. आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावी-बारावी, जेईई आणि भिंतीवर टॉपर्सचे फोटो.

माझं भांडण 'बदल'शी आहे. विल्यम ब्रिजेस नावाच्या अमेरिकन लेखकाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बाहेर घडतं ते एक: नवा साहेब, नवी जागा. माणसाच्या आत जे चालतं ते दुसरं, आणि ते बरंच सावकाश. आधी जुनं सुटतं, मग मधला अधांतरी काळ, मग नव्याची सुरुवात. पहिल्याला 'बदल' पुरतो. दुसऱ्याला 'संक्रमण' शोभलं असतं, पण कोविडपासून तो शब्द नाकाला मास्क लावूनच येतो. मी 'स्थित्यंतर' वापरते. जड आहे, पण त्यात 'स्थिती' आहे आणि 'अंतर' आहे. कोचचं काम बहुतेक त्या अंतरातलंच. कामगारांसमोर बोलताना मात्र 'बदल'सुद्धा सांभाळून, कारण कानावर 'बदली' पडते आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सगळं ऐकून शीर्षक केलं: 'कंपनी बदलताना साहेबांबरोबर: एका कोचचे अनुभव'.

कोल्हापूरकर
कंपनी बदलताना? म्हणजे साहेब राजीनामा देऊन दुसरीकडे चाललेत?

मूळ प्रश्नकर्ता
अरे देवा. 'कंपनीत बदल होताना'. केलं दुरुस्त.

एक शेवटचं. कोचसमोर बसतो त्याला काय म्हणायचं? इंग्रजीतला 'कोची' म्हणजे आपल्याला केरळातलं शहर. अशील वकिलाचा, रुग्ण डॉक्टरचा, शिष्य तर नाहीच. 'गिऱ्हाईक' लिहिलं तर बहीण मला सोडणार नाही. आणि पैसे भरणारी कंपनी तिच्या भाषेत 'स्पॉन्सर', पण 'प्रायोजक' म्हटलं की मालिकेच्या आधी वॉशिंग पावडर. सोमवारी अंक छापायला जातोय.

शब्दवेडा
पैसे भरणाऱ्याला 'यजमान'. खर्च त्याचा, मंत्र दुसऱ्याचे. समोर बसणाऱ्याला मात्र नुसतं 'साहेब' म्हणून चालवून घ्या, सोमवारपर्यंत तरी.