अनुभव धागा : कळलावी

श्रावण लागला की सह्याद्रीत कुंपणाकुंपणावर कळलावी पेटते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, कडा कुरळ्या. पानाचं टोकच आधाराला विळखा घालतं. तुमच्या घरी ती औषधाला कशी वापरत? कुणी, कुठे लावली, किती वेळ ठेवली, सगळं लिहा. ऐकीव नको, घरातलं हवं.

*

माझी आजी रत्नागिरीकडची सुईण. बाई अडली की ती कंद सहाणेवर उगाळायची आणि लेप बेंबीखाली नि तळपायांना लावायची. कळा लावते म्हणून कळलावी, असं म्हणायची. मूल बाहेर आलं की पहिला शब्द, "पाणी आण गो!" लेप धुऊन निघेपर्यंत ती बाळाकडे बघायचीसुद्धा नाही. मी परकर खोचून, तांब्या धरून दाराशी उभी. ती सहाण वेगळीच असे, तिच्यावर चंदन कधी उगाळलं नाही. माझ्या बाळंतपणाला मात्र तिनेच मला दवाखान्यात नेलं. लेपाचं नावही काढलं नाही.

*

आमच्यात उवांवर पानांचा रस लावत. डोळ्यांवर फडकं बांधून. टाळूला खाजवून जखम झाली असेल तर आई हात लावू देत नसे.

*

भावाचं सांगतो. नांगरटीत कंद वर आले, रताळी समजून त्याने उकडून खाल्ले. दोन-तीन तासांत उलट्या, मग जुलाब थांबेनात. आठ दिवस सलाईनवर होता. जीव वाचला, पण घरी आल्यावर उशीवर केसांचे पुंजके पडू लागले, महिनाभर डोकं गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, यातलं कोल्चिसीन हे विष उकडून जात नाही. तेच गाऊटवर, म्हणजे सांध्यांच्या एका दुखण्यावर, ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीतून देतात! एवढंसं माप, आणि याने अख्खे कंद खाल्लेले. कृपा करून मुलांना हा वेल ओळखायला शिकवा.

*

आमची वैद्यकी तीन पिढ्यांची. कंद नांगरासारखा म्हणून संस्कृतात लांगली, आणि गणना उपविषांत. गोमूत्रात भिजवून शोधन केल्यावरही, म्हणजे विषारीपणा कमी केल्यावरही, वडिलांनी ती कधी कुणाला पोटात दिली नाही.

*

गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, आम्ही आजही कळलावी बांधतो. फक्त फुलं खुडायची, कंद जमिनीतच राहू द्यायचा. मग पोरांना रांगेत उभं करून साबणाने हात धुवायला लावतो, त्याशिवाय मोदकाच्या ताटापाशी कुणी बसत नाही.