ओठांना फिलर (भराव देणारं जेल) देताना बधिर करायचं क्रीम लावूनही दुखायलंय

प्रश्न (लातूर): लिग्नोकेन २.५ टक्के अन् प्रिलोकेन २.५ टक्केवालं क्रीम २० मिनिटं लावतो, सुई ३०जी (आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक). गाल सोसतात, पण ओठांना सुई लागली की पेशंट खुर्चीतून उठायलेत. बोटॉक्सलाही कपाळावरचे शेवटचे टोचे जास्त लागायलेत. सगळ्यांनाच नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करणं) द्यावा का?

उत्तर १ (संभाजीनगर): २० मिनिटं कमीच. गाल-कपाळाला ४५ ते ६० द्या, वरून क्लिंग फिल्म. मे महिन्यात पेशंटला पंख्याशिवाय बसवू नका. घामासोबत क्रीम डोळ्यात उतरलं तर कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) इजा होते. ओठांवरचं चाटून पोटात जातं.

शेवटचे टोचे लागतात ते सुई बोथट झाल्यामुळं. व्हायलच्या रबरी बुचातून एकदा गेली तरी टोक मार खातं. औषध वेगळ्या सुईनं ओढा, टोचायला नवी ३२जी, पाच-सहा टोच्यांनी बदला. इन्सुलिन सिरिंजची सुई निघत नाही, तिथं बूच काढूनच भरा. बेंझिल अल्कोहोलवाल्या सलाईननं विरघळवलेलं बोटॉक्स कमी झोंबतं. अन् स्पिरिट वाळू द्या, ही घाई सगळेच करतात.

उत्तर २ (नांदेड): ब्लॉक सरसकट नको, फक्त ओठांना. वरच्यासाठी इन्फ्राऑर्बिटल (डोळ्याखालच्या नसेचा): एक बोट डोळ्याच्या खालच्या हाडावर ठेवून, सुळ्याच्या वर, ओठ अन् हिरडीच्या खाचेतून. खालच्यासाठी मेंटल (हनुवटीच्या नसेचा), उपदाढांपाशी. दर बाजूला २ टक्के लिग्नोकेन ०.५ ते १ मिली. ९ मिलीत ८.४ टक्के सोडा बायकार्ब १ मिली मिसळलं तर आंबटपणा जातो, जळजळ कमी होते. गढूळ दिसलं तर फेका. ब्लॉकनंतर ओठ वाकडा हलतो, म्हणून फोटो अन् खुणा आधीच.

खरी भीती वेगळी आहे. फिलर रक्तवाहिनीत गेलं की बऱ्याचदा पेशंट कळवळतो. बधिर ओठ ते सांगत नाही. म्हणून सावकाश द्या, रंगावर नजर ठेवा, दाबून सोडल्यावर लाली किती वेळात येते ते बघा. पांढरं किंवा जाळीदार निळसर दिसलं की तिथंच थांबा. हायलुरॉनिडेज (फिलर विरघळवणारं औषध) हाताशी हवंच. प्रिलोकेननंही कातडी पांढरी पडते, त्यामुळं क्रीम पुसून रंग परत आल्यावरच टोचा.

लातूर: अन् बर्फ?

उत्तर १: टोचायच्या आधी मिनिटभर, निर्जंतुक गॉजमधून. वितळलेलं पाणी पुसून परत स्पिरिट. फिलर ०.३ टक्के लिग्नोकेनवालंच घ्या. पहिला थेंब सोडून थोडं थांबलात तर पुढचं कमी लागतं.