व्हीएचएस कॅसेट बघण्यासाठी स्वस्तातला टीव्ही कोणता?

जुनी_रीळ:
लग्न-मुंजीच्या वीसेक व्हीएचएस कॅसेट आहेत, शिवाय काही व्हिडिओ-८ च्या (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट). व्हीसीआर चालू आहे, मागे पिवळं-पांढरं-लाल आउटपुट. दोन कॅसेट अमेरिकेतून आलेल्या, म्हणजे एनटीएससी (तिकडची टीव्ही-सिग्नलची पद्धत). बजेट १०-१२ हजार. ३२ इंची घ्यावा, थोडे पैसे टाकून ४३ इंची, की जुना डबा टीव्ही शोधावा?

ट्रॅकिंगवाला:
४३ चा मोह सोडा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो. पडदा जितका मोठा तितका धुरकटपणाच मोठा दिसणार. ३२ इंचीवर ४:३ (जुन्या टीव्हीचा चौकोनी आकार) ठेवलं की मधलं चित्र साधारण २६ इंची भरतं, म्हणजे जुन्या २१ इंचीपेक्षा मोठंच. १३६६×७६८ चा एचडी रेडी पॅनेल भरपूर झाला.

दुकानात आधी मागची बाजू बघा. एव्ही-इन (व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी लावायची जागा) आहे का? नंतर रिमोट मागून एव्ही इनपुटवरच ४:३ निवडता येतं का ते तपासा. काही सेट तो पर्याय फक्त अँटेनाच्या चॅनेलवर देतात, मग नवरदेव जन्मभर जाडाच दिसतो.

घरी आल्यावर शार्पनेस शून्याजवळ आणा, मोशन स्मूदनिंग बंद करा, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा थोड्या कापणारी सेटिंग) मात्र चालू ठेवा. चित्राच्या तळाशी जी थरथरती पट्टी दिसते ती हेड (व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग) बदलतानाची असते, कॅसेट खराब झालेली नसते. डबा टीव्हीत ती चौकटीबाहेर जायची.

सोल्डर_गन:
एव्ही-इनबद्दल थोडं. हल्ली बहुतेक ठिकाणी तीन भोकांऐवजी ३.५ मिमीचा एकच जॅक असतो. त्याची वायर टीव्हीबरोबर आलेलीच वापरा. कॅमेऱ्याची वायर दिसायला तशीच, पण आतल्या जोडण्या वेगळ्या असू शकतात. चित्र नाही आणि स्पीकरमधून घूं आवाज येतोय, तर व्हिडिओ ऑडिओच्या तारेत गेलाय. व्हीसीआरचा व्हिडिओ आळीपाळीने लाल आणि पांढऱ्या प्लगला लावून बघा. तरीही जमलं नाही तर ग्राउंडची कडी वेगळी आहे, मल्टिमीटरने कंटिन्युइटी (कुठली तार कुठे जोडलीय) तपासा.

हिरवा-निळा-लाल कंपोनंट (चित्र तीन तारांत विभागून पाठवणारा) आणि पिवळा व्हिडिओ एकाच हिरव्या भोकात घेणारेही सेट आहेत. तिथे चित्र कृष्णधवल आलं तर मेनूत कंपोनंट निवडलं गेलंय, एव्ही करा.

डबा_जिंदाबाद:
कॅसेट पुढे पळवत बघायची सवय असेल तर सपाट टीव्ही वैताग देतो. सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) डळमळला की तो थेट निळा पडदा दाखवतो. डबा टीव्ही वेड्यावाकड्या सिग्नललाही चित्र धरून ठेवतो. शिवाय तो इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांनी रंगवलेलं) चित्र जसंच्या तसं दाखवतो, हात हलला की कडांना कंगव्यासारखे दात फुटत नाहीत.

मात्र घेताना टीव्ही थंड असतानाच लावायला सांगा. चित्र उजळायला दोन-चार मिनिटं लागली तर ट्यूब थकली आहे, फुकटही नको. कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर ते बहुधा जवळच्या स्पीकरच्या चुंबकाने. डीगॉसने (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवल्यावर) जातात. पाठ उघडू नका. ट्यूबवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज उरतो.

जुनी_रीळ:
डबा ठेवायला जागा नाही, ३२ इंचीच घेतो. पण एव्ही-इन नसलेला सेट स्वस्त पडतोय. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर चालेल?

सोल्डर_गन:
चालेल, पण शेवटचा उपाय म्हणून. स्वस्त डबी ४:३ चित्र ताणून १६:९ करते, मग टीव्हीने एचडीएमआयवर ४:३ करू दिलं तरच सुटका. टीव्हीच्या यूएसबीतून वीज पुरली नाही तर चित्र येतं-जातं. ५ व्होल्ट १ अँपियरचा चार्जर लावा. त्यावरचं ७२०/१०८० चं बटण आउटपुटचं, त्याने कॅसेट स्वच्छ होत नाही.

ट्रॅकिंगवाला:
अमेरिकेच्या कॅसेटसाठी आधी व्हीसीआर बघा. त्यावर एनटीएससी प्लेबॅक लिहिलेलं नसेल तर टीव्ही कितीही चांगला असून उपयोग नाही. असेल तर तो ६० हर्ट्झचा पाल (आपल्याकडच्या पद्धतीचा) सिग्नल सोडतो आणि बरेचसे सपाट टीव्ही तो घेतात. रंग आले नाहीत तर कलर सिस्टिम ऑटोवर ठेवा.

आणि व्हिडिओ-८ साठी अडॅप्टर शोधत बसू नका. व्हीसीआरमध्ये घालायचा अडॅप्टर व्हीएचएस-सी (छोट्या व्हीएचएस कॅसेट) चा असतो. व्हिडिओ-८ ची फीत ८ मिमी, व्हीएचएसची १२.७. त्या कॅसेट कॅमेऱ्यातूनच लावाव्या लागतील. व्हीएचएस लावण्याआधी झाकण उचलून फितीच्या कडा बघा. पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर हेडला लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते.